शक्ती पाचात दोन

भाऊ प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं
की पुढचं कुणी विचारत नाही.
छिद्रण विभाग. तिकिटांच्या तावांना भोकं पाडायची,
म्हणजे देशाला तिकीट सरळ फाडता येईल.
त्यात रेडिओ-परवान्याचीही तिकिटं असत:
वर्षाला पंधरा रुपये, पोस्टात भरायचे,
पुस्तिकेत चिकटवायचं, मग ऐकायचं.
आमच्या पुस्तिकेत एकही वर्ष कोरं नाही.

आणि रात्री दीडला, जेल रोडच्या क्वार्टरमध्ये,
हाच माणूस घोंगडीत सेट घेऊन
बिनपरवान्याचं जहाज शोधत बसे.

जहाज तिकडे उत्तरेच्या समुद्रात, नांगर टाकून,
किनाऱ्यापासून तीन मैल आणि वर एक हात.
तीन मैलांपर्यंत राणीचं पाणी, पुढचं कुणाचंच नाही,
भाऊ सांगत, बांध कोरणाऱ्या भावकीबद्दल सांगावं तसं.
जुनं मासेमारीचं गलबत, त्यावर झेपणार नाही एवढा मनोरा,
पोटात जनरेटर, आणि चार-पाच पोरं
गाणी लावतात, मधेच ओकतात, परत गाणी लावतात.
"आणि सरकार?"
"सरकार कायदा करतं. त्यांना शिधा पोचवणाऱ्याला धरतं."
"मग?"
"मग दुसऱ्या देशातून बटाटे येतात."

तांब्याची तार गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
आई तिच्यावर ओलं फडकं टाकी,
भाऊ म्हणत, आज हॉलंड दमट आहे.
मालगाडी सुटली की सगळं खरखरून जाई,
देवळालीकडून लष्कराची टिकटिक आडवी येई,
तिच्यातून एक गिटार, अर्धं वाक्य, कुणाचं तरी हसू.
वहीत नोंद: शक्ती पाचात दोन. अडथळे मोजले नाहीत.
नाव कळले नाही.

मी विचारलं होतं, तुम्ही समुद्र पाहिलाय?
म्हणाले, कशाला? लोक अस्थी घेऊन आपल्याकडे येतात.
आणि आपली गंगा बघ, त्र्यंबकला निघते,
पश्चिमेचा समुद्र तिथून हाकेवर,
तरी पाठ फिरवते आणि अख्खा मुलूख तुडवत पूर्वेला जाते.
तिचं काय कारण असेल ते असेल.

जे जहाज कुठल्याच देशाचं नाही
त्याच्या पत्राला तिकीट कुठल्या देशाचं?
तिकिटांना भोकं पाडणाऱ्याला हा प्रश्न पडायचाच.
पत्र त्यांनी लिहिलं. इंग्रजी आडके मास्तरांकडून तपासून घेतलं.
मला वाटायचं, टाकलं असेल.

मग एका थंडीत तिकडे वादळ झालं असावं.
पोरगा गाणं न लावता नुसता बोलत होता.
भाऊंना त्यातलं थोडंच कळलं,
पण माणूस गुडघाभर पाण्यातून बोलतोय हे ऐकू येतं म्हणाले.
मग आवाज गेला, लहर राहिली:
कुणी बोलत नसताना सेटवर येतो तो दाब.
अकरा मिनिटं. वहीत अकराच्या खाली दोन रेघा.
मग तोही.
सकाळच्या भोंग्याला भाऊ प्रेसमध्ये हजर.

फाटकावर झडती व्हायची. ताव मोजलेले, रद्दी मोजलेली,
कागदाचा कपटा बाहेर जाता कामा नये.
फक्त भोकांतून पडलेल्या टिकल्या
पँटच्या दुमडीत बसून घरी यायच्या.
आईच्या केरात रोज चिमूटभर सरकार.

पुढे परवानाच रद्द झाला.
भाऊ तरी पोस्टात जाऊन विचारून आले, नक्की ना?

परवा भद्रकालीत सेट विकायला काढला,
तेव्हा मागच्या पुठ्ठ्यात ते पाकीट सापडलं.
पत्त्यावर फक्त 'जहाज' आणि खाली 'समुद्र'.
वरच्या कोपऱ्यात, डिंकाने, एकेक करून
त्या टिकल्या लावलेल्या, चौकोनात, मधे कोरं.
मी मोजल्या. आडव्या चौदा, उभ्या सतरा.
एकही वाकडी नाही.
सरळ फाडता येईल.